भोकं बुजवणारे तातोबा

तातोबांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते भिंतीला उदबत्ती दाखवत होते. डोक्याला तांबडे मुंडासे, अंगात चुन्याने कडक झालेली बंडी, आणि शिडीवर चढून भिंतीच्या एका कोपऱ्याशी उदबत्ती धरून हा माणूस डोळे बारीक करून उभा. मी खालून विचारले, "काय हो, इथे कुठला देव?" त्यांनी वळूनही पाहिले नाही. "देव न्हाई," म्हणाले, "तुमी पाडल्यालं भोक हाय. धूर बगा कसा आत वडतोय."

उदबत्तीचा सरळ वर जाणारा धूर खरोखरच तिथे मान वळवून भिंतीत शिरत होता. एरवी भिंत अशी गुळगुळीत दिसत होती की, तिथे कधी भोक होते हे मलाही आठवले नसते. आणि ते मीच पाडून, मीच बुजवले होते.

सांगलीला स्टेशनच्या अंगाला नेमाण्णांचा कापसाचा जिन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. दुसरी मोठी लढाई सरत आली होती. इंजिनाचा पट्टा काढून विजेची मोटर बसवायचे नेमाण्णांनी मनावर घेतले आणि ते काम आमच्या वीज कंपनीने माझ्या गळ्यात घातले. मी त्या वेळी तिशीच्या आतला वायरमन. हाताखाली दोन माणसे होती, त्यामुळे स्वतःला इंजिनिअरच्या खालोखाल समजत असे. एका खोलीत विजेचा बोर्ड, मधे भिंत, आणि भिंतीपलीकडच्या लांब दालनात कापूस. त्या दालनात चाळीसेक बाया कापसातला पालापाचोळा वेचत बसत. वायर या खोलीतून त्या दालनात न्यायची तर भिंतीला भोके पाडणे आलेच.

आता जिनमध्ये भोक बुजवायला हाताशी काय असते? कापूस. वायरीभोवती बोळा कोंबायचा, वरून चुन्याचा हात मारायचा, झाले. आम्ही सगळे तसेच करत होतो. त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

तातोबांनी बंडीतून मोडक्या छत्रीची एक काडी काढली, माझ्या त्या गुळगुळीत भिंतीत खुपसली, पीळ दिला आणि हातभर कापूस बाहेर ओढला. शिडी उतरून तो माझ्या तळहातावर ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमाला. नाकात घालायला उपेगी पडंल."

मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात. माझे हाताखालचे दोघे तोंड फिरवून हसले. मी रागाने लाल झालो. पण बोळा माझ्याच हातात होता.

तातोबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडच्या एका खेड्यातले. पन्नाशीचे, ठेंगणे, चुन्याने बोटांना भेगा पडलेले गवंडी. सांगलीत ते एकटेच राहत. नव्या भिंती बांधायची कामे ते घेत नसत. वायरीसाठी पाडलेली भोके बुजवणे एवढेच काम करत, आणि नेमाण्णांनी त्यांना त्यासाठीच लावले होते. आमचे लोक त्यांची टिंगल करत. लग्नाच्या मांडवात नवरीला न पाहता मांडवातली वायर कुठून घेतलीय ते पाहणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. हे मला थट्टेचे वाटे, पण एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला त्यांना घरी बोलावले तेव्हा प्रसाद हातावर घेण्याआधी त्यांची काडी माझ्याच घराच्या मीटरमागे गेली आणि तिथून निघाली माझ्या जुन्या धोतराची चिंधी. बायको म्हणाली, "बरं झालं, तातोबा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." धोतर फाडले म्हणून नंतर तिने मला वेगळे ऐकवले.

त्यांची रीत अशी. भिंतीपाशी आल्यावर वायरीवरची लाकडी पट्टी तोडायची; लाकूड भिंतीतून पार न्यायचे नाही. मधे चिनीमातीची नळी घालायची. नळीभोवती विटेचे तुकडे आणि जाड चुना, अर्धा या बाजूने आज, अर्धा त्या बाजूने उद्या. नळीच्या आत वायरीभोवती शाडूची माती गच्च भरायची, म्हणजे उद्या नवी वायर ओढायची झाली तर ती उकरता येते. मग आठ दिवस चुन्याला पाणी. शेवटी उदबत्ती. धूर हलला की सगळे फोडून पुन्हा. मी एकदा वैतागून म्हटले, "तातोबा, मी भोक पाडतो घटकाभरात, तुम्ही बुजवायला दहा दिवस लावता." ते म्हणाले, "पाडनाऱ्याला दोन हात पुरत्यात वो. बुजवनाऱ्याला धा डोळं लागत्यात."

पलीकडच्या बायांनी मात्र त्या उदबत्तीचा सरळ अर्थ लावला. मंगळवारी पाहतो तर बुजवलेल्या प्रत्येक भोकाला हळद-कुंकू. मी हसून तातोबांना सांगितले, आता तुमचा उत्सव भरणार म्हणून. ते हसले नाहीत. "लावू द्या की. ज्याला कुक्कू लागलं, त्येच्यात खुट्टी ठोकायला कुनाचा हात धजतुया?" आणि खरेच, त्या भिंतीला नंतर कोणी खिळा मारला नाही. खिळे ठोकू नका असे कंपनीचे लेखी हुकूम डकवून मी थकलो होतो.

सगळी भोके बुजली, एक राहिले. छताजवळचे मोठे भोक, मुख्य वायर जाण्याचे. तातोबा शिडी लावून चढले आणि तसेच उतरले. भोकात चिमणीचे घरटे होते आणि घरट्यात पिल्ले.

नेमाण्णा जैन. दिवे लागण्याआधी जेवणारे, पाणी गाळून पिणारे. कारखान्यात मुंगळा दिसला तर कागदावर घेऊन बाहेर सोडत. ते म्हणाले, "पिल्लं उडूस्तवर भोकाला हात लावायचा न्हाई."

"आण्णा, पलीकडं बाया बसत्यात," तातोबा म्हणाले.

"मग बायास्नी काय हुतंय? इतके दिवस बसल्याच न्हवं का?"

"ते घरटं म्हंजे निव्वळ काडी आन् कापूस. इकडं ठिणगी पडली तर ते वातीवानी पेटंल आन् थेट त्येंच्या डोस्क्यावर पडंल."

"आन् मी काय करू? माझ्या हातानं पिल्लं मारू व्हय?"

"घरटं उचलून दुसरीकडं ठिवतो."

"माणसाचा हात लागला की चिमणी टाकती पिल्लं. लहानपणी बगितलंय मी."

दोघेही मनापासून बोलत होते, आणि दोघेही हटेनात. काम बंद ठेवायचे तर हंगाम अंगावर आलेला. मी मधे पडून म्हटले, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, तोवर काय आकाश कोसळणार आहे? तातोबांनी माझ्याकडे असे पाहिले की, पुढचे वाक्य मी गिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा व्हायच्या आत ते येऊन बसले. पलीकडच्या दालनात, बरोबर त्या भोकाखाली, एका फळीवर. एका बाजूला वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेल्या दोन बादल्या. मी माझे ज्ञान दाखवले, "विजेच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, तातोबा." "ठावं हाय. वाळू इजंला. पानी कापसाला." संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. भाकरीसुद्धा वर बघत खाल्ली. असे एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सतरा दिवस.

बायांना तर गंमतच झाली. "तातोबा, बाळंतीन काय म्हनती?" "तातोबा, पाचवी झाली का न्हाई?" "बारशाला घुगऱ्या कवा?" तातोबा मान वर ठेवूनच उत्तर देत, "आदी तुजं तोंड मीट, पिल्लू दचाकतंय." एका म्हातारीने तर खरेच मूठभर घुगऱ्या आणून दिल्या. नेमाण्णा रोज एक चक्कर मारून वर बघत, मग खाली तातोबांकडे बघत, आणि निघून जात. त्यांनाही कुठेतरी टोचत असावे.

मला मात्र राहवले नाही. एका दुपारी मशीन थांबली होती, बाया बाहेर झाडाखाली जेवायला गेल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि विचारले, "तातोबा, इतकं कशासाठी? तुमचं यांच्यात कोण आहे?"

"कोन न्हाई."

मग वरची नजर न काढता त्यांनी सांगितले. लढाईच्या आदल्या वर्षी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ सखा साताऱ्यात एका तेलाच्या गिरणीत कामाला होते. थोरला गवंडी, धाकटा हाताखाली. गिरणीत नवी वीज आली होती, शेजारच्या गोदामात सरकीची थप्पी. दुसऱ्या दिवशी कोणी मोठा माणूस बघायला यायचा होता म्हणून मालक घाई करत होता. भिंतीत एक भोक राहिले होते. "चुना मुरायला येळ न्हवता. म्या गोनपाट कोंबलं आन् वरनं लिपून टाकलं. झ्याक दिसलं. मालकानं पाठ थोपाटली." महिन्याभराने भर दुपारी गिरणीत वायर जळाली. आग गोणपाटातून गोदामात गेली. सखा जेवून सरकीच्या थप्पीला टेकून झोपला होता.

"वाचला," तातोबा म्हणाले. "पर हात गेलं. बोटं चिकाटली. तोंडाची येक बाजू... गावाकडं असतोय आता. कुनी ईचारलं तर म्हनतो, दैव." त्यांनी बादली जवळ ओढली. "त्येला ठावं न्हाई, वायरमन. दैव न्हवं, त्यो म्या हाय. सात वर्सं झाली. सांगीन सांगीन म्हनतो. सणाला गेलो तर उंबऱ्यावरनंच माघारी फिरतो. त्येच्या म्होरं बसवत न्हाई. त्यो दादा-दादा करतोय, आन् माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई."

कापसाचे बोळे कोंबणारा मी. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर पाडलेली सगळी भोके एकामागून एक आठवली.

अठराव्या दिवशी पिल्ले उडाली. तातोबांनी त्याच दिवशी घरटे काढले, रिकामे घरटे नेमाण्णांच्या हातात दिले आणि भोक बुजवायला घेतले. चुना वाळेपर्यंत खाली राखण चालूच.

चैत्र लागला आणि एका सकाळी माझ्याच खटक्यातून ठिणगी उडाली. बोर्डावर कापसाची बारीक लव बसलेली असते, ती भुर्रकन पेटली. लाकडी पट्टी धरून आग भिंतीकडे धावली, छतापर्यंत चढली. आम्ही वाळू मारली, मुख्य खटका पाडला. पलीकडे कोणीतरी ओरडले आणि बाया त्यांच्या दाराने बाहेर पडल्या. एक बाई तर भाकरीचे गठुडे विसरले म्हणून परत आत गेली आणि शिव्या खात बाहेर आली. एवढा त्यांना वेळ मिळाला. आग भिंतीशी आली आणि तिथेच संपली. इकडची बाजू काळीठिक्कर. पलीकडे जाऊन पाहिले तर भोकांवरचे कुंकूसुद्धा जसेच्या तसे.

चार दिवसांनी नेमाण्णांनी सगळ्यांना अंगणात बोलावले. तातोबांना फेटा बांधला, नारळ दिला. नेमाण्णा बोलणारे गृहस्थ नव्हेत, पण त्या दिवशी ते पुढे झाले. म्हणाले, "मी पिल्लांचं बगितलं, ह्यानं ह्या बायांचं. ह्येचा हात लागल्याली भिंत कदी दगा देणार न्हाई." बायांनी टाळ्या वाजवल्या. ती घुगऱ्यावाली म्हातारी पुढे होऊन तातोबांच्या पाया पडायला वाकली.

तातोबा एकदम मागे सरले. त्यांनी फेटा काढला, तो म्हातारीच्या हातात दिला आणि फाटकातून निघून गेले. लोकांना वाटले, साधा माणूस, लाजला. मी मात्र समजलो. माझ्याखेरीज तिथे कोणाला काही माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात उभे. "वायरमन, माझ्यासंगट चला. एकल्याचा पाय उचलंना."

"कुठे?"

"गावाकडं. पाया पडाया लागली वो ती म्हातारी. आता न्हाई सांगितलं तर मी मानूसच न्हवं."

मी कंपनीला खोटे आजारपण कळवले आणि गेलो. कोरेगावला आगगाडीतून उतरून दोन कोस चालत गेलो. घर लहानसे, शेणाने सारवलेले. ओसरीवर सखाराम बसला होता. उजवा गाल ओढला गेलेला, पण डोळे मोठे हसरे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना चिकटून पंजाचे जणू एकच बोट झालेले. त्या हातांनी तो दोरी वळत होता, पायाच्या अंगठ्यात पीळ धरून. भावाला पाहून तो उठलाच. "दादा! आगं, दादा आलाय, भाकरी टाक."

तातोबा बसेनात. घरभर हिंडले, भिंती चाचपल्या, वासे पाहिले. सखाराम माझ्याकडे बघून हसला. "हितं कंदील हाय, गड्या. ईज आमच्या गावात अजून धा वर्सं येत न्हाई. बस की दादा."

मग तातोबा बसले आणि एका दमात सांगून टाकले. मला सांगितले होते तेच, आणि स्वतःला कुठेही सूट दिली नाही. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सखारामची बायको दारात येऊन उभी राहिली. मी जमिनीकडे बघत होतो. आता हा माणूस उठून थोरल्याला घराबाहेर काढेल, असे मला वाटत होते, आणि काढले असते तर त्याला कोण नावे ठेवणार होते?

सखारामने दोरी बाजूला ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "तू शिडीवर हुतास. खाली हात केलास. त्यो गोनपाट तुज्या हातात दिला कुनी?"

आठवत नाही अशी तातोबांनी मान हलवली.

"म्या. चुना मुरला न्हाई त्ये मला बी दिसत हुतं. म्याच म्हनलं, ह्ये कोंब आन् चल, लय भूक लागलीया. तुला आठवत बी न्हाई." सखारामने बाजूला ठेवलेली दोरी पुन्हा ओढून घेतली. "सात वर्सं झाली. तू उंबऱ्यावरनं माघारी जायाचास. मला वाटायचं, दादाला कळलंय. माझ्यापायी दादाचं सातारचं काम गेलं, नाव गेलं, म्हनून त्यो माझ्या घरात बसत न्हाई."

"आरं मग बोलला का न्हाईस?" तातोबा जवळजवळ ओरडलेच.

"तू तरी कुटं बोललास?"

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी बाई दारातून हलली नाही.

तातोबा त्यानंतर सांगलीला कामाला आले नाहीत. आगीनंतर जिनमध्ये नव्या वायरी ओढल्या, ती भोके मी माझ्या हाताने बुजवली, दहा-दहा दिवस लावून. त्यांची माझी गाठ पुन्हा पडली नाही. मला जे शेवटचे दिसले ते त्याच दिवशीचे. परतीची गाडी गाठायची म्हणून मी जेवून निघालो, वहाणा घालताना ओसरीवर नजर गेली. तातोबांनी सखारामचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले होते आणि मान खाली घालून ते नीट पाहत होते, एकेक चिकटलेले बोट अंगठ्याने चाचपत. सात वर्षांत त्यांनी त्या हातांकडे पाहिलेच नव्हते.

"दुखत्यात का रं?" त्यांनी विचारले.

"थंडीत," सखाराम म्हणाला. "थंडीत लय दुखत्यात, दादा."